चौसष्टावं घर

एक्केचाळिसाव्या प्रश्नाला देवाने नकार दिला.

गाभाऱ्यात शांताराम गुरवाने रवळनाथाच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक ओली पाकळी चिकटवली होती. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली.

"ह्यो प्रश्न देवाक नको," शांतारामने बाहेर येऊन सांगितलं.

"कोणता होता?" मी विचारलं. चाळीस प्रश्नांनंतर माझंच भान सुटलं होतं.

सभामंडपातल्या पहिल्या खांबाला टेकून दाजी धुरी बसले होते. गावाचे पहिले मानकरी. त्यांनी चष्मा नाकावर ओढून माझी छापील प्रश्नावली वाचली. "देवस्थानाच्या निर्णयांवर तुमचा विश्वास किती? पूर्ण, बराच, थोडा, अजिबात नाही." मग चष्मा कपाळावर सरकवला. "बाये, ह्या तू आमका इचारतलंस, आनी देव आतून आयकत ऱ्हवतलो. बरा दिसात तेका?"

मी तो प्रश्न खोडला. अजून त्रेचाळीस उरले होते.

ही १९८८ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. गावाचं नाव बदलून सांगते, कुंभवशी म्हणू. मी तेव्हा पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तात्पुरत्या जागेवर होते. धर्म, संस्था आणि आर्थिक इतिहास असा माझा विषय. अर्थशास्त्रवाल्यांना मी भाविक वाटायचे आणि भाविकांना पाखंडी, त्यामुळे चहाला मी बहुधा एकटीच असायचे. आमच्या संचालकांनी स्वच्छ सांगितलं होतं, "गुप्तेबाई, जूनपर्यंत या पाहणीवर निबंध आला तर जागा कायम. नाहीतर जाहिरात काढावी लागेल." कुंभवशी मी निवडली, कारण या गावातला माणूस कोर्टाची पायरी चढल्याची नोंद मला कुठेही सापडली नव्हती. पाटाच्या पाण्याची पाळी, बांधाचा वाद, भावाभावांच्या वाटण्या, सगळं कौल लावून मिटायचं. माझा सिद्धांत साधा होता. देव हा फार स्वस्त न्यायाधीश आहे. वकील लागत नाही, तारीख पडत नाही आणि अपील कोणी करत नाही. ते कशामुळे टिकतं, एवढंच मला आकड्यांत मांडायचं होतं.

आकडे मिळण्याआधी देवाची परवानगी लागली. त्यात चार दिवस गेले. चौऱ्याऐंशीपैकी सहा प्रश्न देवाने नापास केले. त्यांतला एक घरातल्या सोन्याबद्दल होता, म्हणजे देवाला गावाची नाडी चांगली ठाऊक होती.

पाचव्या दिवशी मी घरांची यादी मागितली. पाहणीसाठी सगळ्या घरांतून वीस घरं सोडतीने निवडायची होती. दाजींनी त्रेसष्ट घरांची यादी दिली, अर्थातच मानाच्या क्रमाने. पहिला क्रमांक त्यांचाच. मी गावात फिरून चुली मोजल्या तर चौसष्ट भरल्या.

"एक घर राहिलं आहे," मी म्हणाले. "देवळामागे, चिरेखाणीच्या वाटेवर. मोहित्यांचं."

मंडपात बसलेली माणसं एकदम आपापल्या पायांकडे बघायला लागली.

"ता घर यादीत नाय," दाजी म्हणाले.

"का?"

"तेंचा अजून ठरूक नाय."

हळूहळू उलगडलं ते असं. १९३० साली घाटावरून एक मोहिते चिरे फोडायच्या कामाला आला. देवळाभोवतीचा जांभ्याचा गडगा, ते दगडी कुंपण, त्यानेच बांधला. काम संपल्यावर त्याने इथेच राहायची परवानगी मागितली. गावाने रीतीप्रमाणे कौल लावला: ह्या घराला गावात घ्यायचं की नाही? आणि दोन्ही पाकळ्या चिकटून राहिल्या. उजवीही पडेना, डावीही पडेना. गावाने दुपारपर्यंत वाट पाहिली, मग गाव जेवायला गेलं.

"मग पुन्हा का नाही लावला कौल?"

"एकदा इचारलेला परत इचारूचा नाय," दाजी म्हणाले. "देव विचार करता."

"अठ्ठावन्न वर्षं?"

"देवाक घाई कसली?"

तेव्हापासून मोहिते कुटुंब कुंभवशीत राहत होतं आणि राहत नव्हतं. त्यांच्याशी कोणाचं वाकडं नव्हतं. त्यांच्या विहिरीचं पाणी सगळे प्यायचे, त्यांच्या म्हशीचं दूध दाजींच्या घरी जायचं. पण देवळाची पायरी त्यांनी चढायची नाही, जत्रेत नारळ द्यायचा नाही, गावाच्या बैठकीत बसायचं नाही. आणि हे सगळं बदला असं कोणी म्हणायचंही नाही, कारण तसं म्हणणं म्हणजे देवाला टोचणी लावणं.

मी मोहित्यांकडे गेले. ताराबाई अंगणात सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. सदुसष्ट वर्षांच्या, हडकुळ्या, बोलताना मान हलवणाऱ्या. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आल्या होत्या. त्यांचा मुलगा सदू भिंतीला टेकून उभा होता.

"लिवून घेवा तुमच्या फारमात," सदू म्हणाला. "शिमगो झालो की आमी चाललो. कागलाक जागा बघितलंय. ह्या गावान माझ्या पोरीक येक स्थळ येवक दिल्यान नाय. देवाक न लागणाऱ्या घरातला चेडू कोण करून घेतलो?"

"तू जा," ताराबाई म्हणाल्या. "मी नाय येवचंय."

"आये, तू हय एकटी काय करतलंस?"

"एकावन्न वरसा केलंय ताच." मग माझ्याकडे वळून त्या अगदी सहज म्हणाल्या, "दर जत्रेक मी नारळ न्हेतंय, बाये. गडग्यावर ठेवतंय. शांताराम तेका हात लावना नाय, तेका तरी काय करूक येता? सांच्याक परत आणतंय आनी सोलकढी करतंय. माका एकदा ओटी भरूची आसा देवाशेजारच्या देवीची. एकदाच. मगे खय न्हेवचा थय न्हेवा."

मला तिथे काय वाटलं ते सांगते. मला संताप आला. पण मी संशोधक होते, आणि संशोधकाने संतापायचं तर नियमात बसवून संतापायचं. मी संध्याकाळी दाजींना संस्थेचं छापील परिपत्रक दाखवलं: जिथे स्वतंत्र चूल, ते स्वतंत्र घर, एकही घर यादीतून वगळता येणार नाही. वगळलं तर पाहणी रद्द.

दाजींनी परिपत्रक दोनदा वाचलं. खाली शिक्का होता, तो त्यांना आवडला. "म्हणजे तुझ्या सायबान घातलेली रीत ही," ते म्हणाले. "रीत आसा तर मगे इलाज नाय. पन सोडत देवळात होतली. गाऱ्हाणा घालून."

"सोडतीला देवापुढे गाऱ्हाणं कशाला? त्यात कोणाचाच हात नसतो. कोणाचं नाव येईल ते कोणीच ठरवत नाही, हाच तर त्यातला मुद्दा."

"म्हणजे कौलच मां," दाजी म्हणाले.

मी परिपत्रकाची घडी घातली. यावरचं उत्तर मी आजही शोधते आहे.

चिठ्ठ्या मी लिहिणार म्हटल्यावर गाव नाराज झालं. परक्या हाताने घराचा आकडा लिहायचा हे कोणाला रुचेना. शेवटी ठरलं की प्रत्येक घरच्या कर्त्याने आपला आकडा आपल्या हाताने लिहायचा, घडी घालायची आणि मानाच्या क्रमाने तांब्याच्या हंड्यात टाकायची. मी कबूल झाले. पाहणीच्या शास्त्रात याहून मोठी चूक नाही, पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा ती करणार नाही. पण चार दिवस देवाशी वाटाघाटी करून मी थकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव मंडपात जमलं. एकेक जण पुढे येई, पाठ फिरवून माझ्या पेन्सिलीने चिठ्ठीवर लिही, घडी घालून हंड्यात टाकी आणि देवाला हात जोडी. मोहित्यांना पायरी चढता येत नव्हती, म्हणून ताराबाई गडग्याबाहेर उभ्या राहिल्या. सदू आलाच नव्हता. मी त्यांना पेन्सिल आणि कागद नेऊन दिला, त्यांनी गुडघ्यावर ठेवून लिहिलं, आणि ती घडी मी आणून हंड्यात टाकली.

मग दाजी उभे राहिले. त्यांचा आवाज खर्जातला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं.

"ही पुण्याची बाय तुझ्या पायाकडे इली आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या सायबान तिका धाडल्यान, आनी जूनच्या आत जर का तिचा काम नाय झाला, तर तिची नोकरी जातली!"

"व्हय म्हाराजा!"

हे मी दाजींना एकदा चहा पिताना सांगितलं होतं. ते देवापर्यंत जाईल अशी माझी कल्पना नव्हती.

"ता काय इचारता ता आमका कळना नाय, पन तुका कळता!"

"व्हय म्हाराजा!"

"तेव्हा ह्या हंड्यातसून जो आकडो पयलो येयत, तो तुझो शब्द! तेच्यार कोणी काय बोलूचा नाय!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आवाज जरा वेगळाच आला, घशातून खेचून काढल्यासारखा. मी तेव्हा लक्ष दिलं नाही. मी हंड्यात हात घातला आणि पहिली चिठ्ठी उघडली.

"चौसष्ट," मी वाचलं.

दाजींनी चिठ्ठी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. शांताराम गुरव गाभाऱ्याच्या दारातून पुढे आला.

"देव बोललो," दाजी म्हणाले. मग बाहेर तोंड करून एवढ्या मोठ्याने ओरडले की कावळे उडाले. "तारे! वैनी! देव बोललो गे! आज सांच्याक तुझी ओटी!"

गडग्याबाहेर ताराबाईंनी तिथेच जमिनीवर डोकं टेकलं. बायका धावल्या. दोन-तीन पुरुष उगाचच खांबाकडे तोंड करून डोळे पुसत होते. मीही पदर डोळ्यांना लावला, आणि चौसष्टातून एक ही शक्यता दीड टक्क्याहून थोडीशीच जास्त, एवढं मी सवयीने मनात मांडलंसुद्धा.

गलका निवल्यावर मी दुसरी चिठ्ठी काढली.

चौसष्ट.

मी ती मिटून तिसरी काढली. चौसष्ट.

कोणीतरी हंडा बाटवला होता. समोर गाव बसलेलं, पुढचा आकडा ऐकायला सज्ज. खरं बोलायचं तर तिथेच बोलायला हवं होतं: सोडत खोटी आहे, रद्द करा, पुन्हा घ्या. माझा निबंध, माझी जागा, माझा सगळा धंदा त्या एका वाक्यावर उभा होता. आणि ते वाक्य उच्चारलं की पहिली चिठ्ठीही रद्द. एकदा विचारलेलं परत विचारायचं नाही. शिमग्यानंतर मोहिते निघणार कागलला.

"सतरा," मी म्हणाले.

सतराव्या घरचा धोंडू परब ताडकन उठून उभा राहिला. त्याने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, देवाकडे बघितलं, आणि तोंड मिटून खाली बसला. "व्हय म्हाराजा," तो क्षीण आवाजात म्हणाला.

पुढची चिठ्ठी. चौसष्ट. "बेचाळीस."

बेचाळिसाव्या घरच्या बाईला ठसका लागला.

"नऊ." नवव्या घरच्या म्हाताऱ्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली. मला वाटलं, निवड झाल्याच्या आनंदात माणसं अशी वागत असतील. मी मनातून आकडे काढत राहिले. वर्षानुवर्षं यादृच्छिकता शिकलेल्या बाईला एकोणीस आकडे मनाने सुचवताना किती कष्ट पडले ते मलाच माहीत. शेवटी, निदान दाजी तरी खूश होतील म्हणून, मी म्हणाले, "एक."

दाजी खूश झाले नाहीत. ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले. भूत बघावं तसे. मग फार सावकाश म्हणाले, "व्हय म्हाराजा."

दुपारी शाळेच्या खोलीत दार लावून मी हंडा सतरंजीवर ओतला आणि सगळ्या चिठ्ठ्या उलगडल्या. दाजींचा डाव असणार, किंवा शांतारामचा. रात्रीतून कोणीतरी बसून लिहिल्या असतील. पण सोडत सकाळीच, माझ्या डोळ्यांदेखत झाली होती, आणि प्रत्येक चिठ्ठीतलं अक्षर निराळं होतं. एकाचा चौसष्ट तिरका, एकाचा थरथरता, एकाने सहा उलटा काढलेला. एक तर दाजींच्या मोडी वळणाचा, यादीतलं त्यांचं अक्षर माझ्या समोरच होतं. धोंडू परबाचाही त्यांतच असणार. बेचाळीसवालीचाही. त्रेसष्ट घरांनी, एकमेकांकडे पाठ करून, एकमेकांना कळू न देता, आपला आकडा सोडून चौसष्ट लिहिला होता. देवाला जरा मदत म्हणून. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच हे पाप करतोय.

मी तिथेच सतरंजीवर बसून हसले. हसता हसता रडले. अठ्ठावन्न वर्षं ज्या नियमाला गावातलं एकही घर मनातून मानत नव्हतं, तो नियम गाव एकमुखाने पाळत आलं होतं, कारण पहिलं कोणी बोलायचं हे ठरत नव्हतं. संस्था कशा टिकतात यावर लोक ग्रंथ लिहितात. माझ्या सतरंजीवर त्याचा पुरावा पसरला होता, शंभर टक्के प्रतिसादासकट, आणि तो छापायची सोय नव्हती. छापला असता तर वर्षभरात कोणीतरी गावात वाचून दाखवला असता. मी तो निबंध लिहिला नाही. जूनमध्ये जाहिरात निघाली आणि माझ्या जागी एक चुणचुणीत गृहस्थ आले. मी पुढे एका कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवत निवृत्त झाले.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मोजताना मला एक चिठ्ठी निराळी सापडली. म्हणजे चौसष्ट लिहिलेल्या त्रेसष्ट, आणि चौसष्टावी वेगळी. तिच्यावर आकडा होता एक.

ती घेऊन मी मोहित्यांकडे गेले. घर गजबजलं होतं. बायका ओटीची तयारी करत होत्या, सदू झाडावरून नारळ काढत होता आणि कागलचं नाव काढणाऱ्याला शिव्या घालत होता. ताराबाई मला पाहताच हात धरून न्हाणीघराच्या आडोशाला घेऊन गेल्या.

"बाये, माका तुका कायतरी सांगूचा आसा," त्या कुजबुजल्या. "माझ्या हातसून चूक झाली. मी चौसष्ट लिवलंयच नाय."

"मग काय लिहिलंत?"

"एक. दाजींचो. तेंचो मान पयलो, बाये. म्हटलंय, आमचो आकडो वर इलो तर गावात भांडाण लागात, तेंच्या मनाक लागात. आमी काय, जातलोच आसो. जाताना कोणाचा मन कित्या मोडा?" "म्हणजे चौसष्ट हंड्यात नव्हतोच. मगे तो इलो खयसून?"

माझ्या पर्समध्ये त्रेसष्ट चिठ्ठ्या होत्या. त्या ताराबाईंच्या ओंजळीत ओतायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं असतं की देव अजून विचारच करतोय.

"देवाने दिला, आजी," मी म्हणाले.

"खरा?"

"माझ्या हाताने दिला. मी बघितला ना."

त्यांनी डोळे मिटून कपाळाला हात लावला. मग डोळे उघडून माझ्याकडे नीट बघितलं, फार नीट, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "दाजींका सांगू नको हां. तेंका वाटात, म्हातारी देवाक फसवूक गेल्ली."